ओला, सुका आणि मिसळलेला

घरातील कचऱ्याचा पर्यावरणावर होणारा परिणाम त्याच्या वजनावरून मोजण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अमुक शहर रोज इतके टन कचरा टाकते, देशभरात दिवसाला दीड लाख टनांहून अधिक नागरी कचरा तयार होतो, असे आकडे वृत्तपत्रांतून नेहमी वाचायला मिळतात. हे आकडे खरे असले, तरी त्यांच्या आड एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. चहाचा चोथा, मेथीच्या काड्या, ताटात उरलेला भात यांत अपायकारक असे काहीच नसते. वर्तमानपत्राचा कागद, पत्र्याचा डबा, काचेची बाटली यांतही नसते. आणि भिंतीवरच्या घड्याळातला संपलेला सेल विषारी असला, तरी तो कोरडा आणि वेगळा राहिला, तर त्याची नीट विल्हेवाट लावता येते. अपायाला खरी सुरुवात होते ती या सगळ्या वस्तू एकाच डब्यात, एकमेकींच्या अंगाला लागून पडल्या की, आणि ही मिसळ शहराबाहेरच्या डेपोत होत नाही, ती स्वयंपाकघराच्या ओट्याखालीच होऊन जाते. माणसाच्या राहणीतील शेकडो सवयींपैकी इतकी क्षुल्लक वाटणारी आणि इतक्या दूरवर परिणाम करणारी दुसरी सवय क्वचितच सापडेल.

हे का घडते, हे समजण्यासाठी ढिगाच्या पोटात काय चालते ते पाहावे लागते. भारतीय घरांतील कचऱ्यात साधारण निम्मा, पुष्कळदा निम्म्याहून अधिक भाग ओला, म्हणजे कुजणारा असतो, कारण येथे भाजी घरी निवडली जाते, फळे घरी सोलली जातात आणि स्वयंपाक बहुतांशी रोज ताजा होतो. हा ओला भाग प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकला आणि त्यावर इतर कचऱ्याचे थर चढले, की त्याला हवा मिळेनाशी होते. मग ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेविना जगणारे पुढे येतात. हे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू आरंभी सेंद्रिय आम्ले तयार करतात. ढिगात मुरलेले पावसाचे पाणी आणि कचऱ्यातील मूळचा ओलावा यांत ही आम्ले मिसळून जो काळपट, उग्र वासाचा द्रव खाली झिरपतो, त्याला तांत्रिक भाषेत लीचेट म्हणतात. त्याच ढिगात सेल, जुन्या रंगांचे डबे, फुटलेल्या ट्यूबलाइटी, मोडक्या रिमोटचे भाग पडलेले असतील, तर हे आम्लयुक्त पाणी त्यांतील शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे धातू विरघळवून आपल्याबरोबर जमिनीत घेऊन जाते. थोडक्यात, भाजीच्या देठांनी सेलमधील विषाला वाट करून दिलेली असते. दोन्ही वस्तू वेगळ्या राहिल्या असत्या, तर ही वाट उघडलीच नसती.

पुढच्या टप्प्यात हवेविनाच जगणारे वेगळे सूक्ष्मजीव त्या आम्लांपासून मिथेन वायू तयार करतात. मिथेन ज्वलनशील असतो आणि वातावरणात उष्णता अडवून धरण्याची त्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट, तर वीस वर्षांच्या हिशेबाने ऐंशी पटींहून अधिक भरते. तीच साले मोकळ्या हवेत कुजली असती, तर त्यांच्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडला असता, आणि तोही झाडांनी काही महिन्यांपूर्वी हवेतून घेतलेला. ढिगात कोंडलेला मिथेन आणि सभोवती कोरडे प्लास्टिक अशी जुळणी झाली, म्हणजे आगीला निमित्त पुरते. मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला आणि आसपासच्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. प्लास्टिक, रबर, कापड आणि ओला कचरा एकत्र, अर्धवट जळतो, तेव्हा त्या धुरातून डायॉक्सिनसारखी अत्यंत घातक संयुगे बाहेर पडू शकतात. हा धूर ज्या वस्त्यांवर पसरतो, त्या वस्त्या शहरातल्या सर्वांत कमी उपभोग घेणाऱ्या लोकांच्या असतात, ही बाब पर्यावरणाइतकीच न्यायाचीही आहे.

पुण्याच्या बाबतीत हा भार उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वाहिला. सासवड रस्त्यालगतच्या या परिसरात शहराचा न निवडलेला कचरा वर्षानुवर्षे येऊन पडत राहिला. विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी बिघडले, माशा आणि दुर्गंधी यांनी घरात बसणे कठीण झाले, आणि अखेर ग्रामस्थांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की शहरात चौकाचौकांत ढीग साचत आणि मग काही दिवस सर्वांच्या तोंडी कचऱ्याचा प्रश्न येई. गाड्या सुटल्या की तो पुन्हा विस्मरणात जाई. शहरात राहणाऱ्याच्या दृष्टीने डबा रिकामा झाला म्हणजे कचरा गेला, असे असते. तो कोणाच्या तरी गावात गेलेला असतो, हे फुरसुंगीकरांना रस्त्यावर बसून सांगावे लागले.

मिसळलेल्या कचऱ्याची ही समस्या तशी जुनी नाही. खेड्यातील घरामागच्या उकिरड्यावर शेण, राख, पालापाचोळा, खरकटे असे सारे एकत्रच पडत असे, पण त्यातले सगळेच मातीत मिसळणारे होते. उन्हाळ्याच्या अखेरीस हा उकिरडा उपसून बैलगाडीने शेतात जाई आणि पावसापूर्वी पसरला जाई. भांडी राखेने घासली जात, तेल घरून नेलेल्या बरणीत मिळे, किराणा कागदाच्या पुडीत बांधून येई. त्या काळाला सरसकट आदर्श मानण्याचे कारण नाही, कारण त्याच काळात मैला वाहून नेण्याचे काम माणसांवर, आणि तेही जातीने ठरवून, लादलेले होते. तरीही एवढे मान्य करावे लागते, की टाकून देण्याची सवय तेव्हा निरुपद्रवी होती, कारण टाकल्या जाणाऱ्या वस्तू एका जातकुळीच्या होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुधाच्या प्लास्टिक पिशव्या, शाम्पूच्या पुड्या आणि पातळ कॅरीबॅग घराघरांत आल्या. वस्तू बदलल्या, सवय मात्र उकिरड्याचीच राहिली. ज्या शेतकऱ्यांना शहरी कचऱ्याचे खत हवे असे, त्यांच्या शेतात आता खताबरोबर काचा आणि प्लास्टिकच्या चिंध्या येऊ लागल्या, आणि त्यांनी ते नाकारले यात नवल नाही.

कुजणाऱ्या पदार्थांपासून खत करण्याची जी शास्त्रशुद्ध पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकरांच्या इंदूरमध्ये, तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत विकसित केली. पालापाचोळा, शेण, गोमूत्र आणि थोडी राख-माती यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा आणि ठरावीक काळाने ढीग उलथवून त्याला हवा द्यायची, असे तिचे मूळ स्वरूप होते. त्यामागची दृष्टी हॉवर्ड यांना भारतीय आणि चिनी शेतकऱ्यांच्या रीतींतून लाभली होती. महाराष्ट्रात पुढे श्री. अ. दाभोळकर या गणिताच्या प्राध्यापकांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून हेच ज्ञान गच्चीपर्यंत आणले आणि घरातील ओल्या कचऱ्यावर गच्चीत भाजीपाला, फळझाडे वाढवता येतात, हे असंख्य कुटुंबांना करून दाखवायला लावले.

घरच्या डब्यात खत करताना जे बिघडते, त्याचे कारण बहुधा एकच असते, आणि ते समजले की भीती उरत नाही. खत घडवणाऱ्या जिवाणूंना अन्न म्हणून कार्बन आणि नत्र दोन्ही लागतात, साधारणपणे पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नत्र या प्रमाणात. भाजीची साले आणि शिळे अन्न यांत नत्र आणि पाणी भरपूर, कार्बन मात्र त्या मानाने कमी. म्हणून नुसता ओला कचरा डब्यात भरत गेल्यास तो चिकट होऊन बसतो, हवा कोंडते आणि आंबूस दुर्गंधी सुटते. प्रत्येक थरावर मूठभर वाळलेली पाने, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा टाकला, की कार्बनची तूट भरून निघते आणि थरांमध्ये हवा खेळती राहते. मोठ्या ढिगाचे तापमान या काळात पंचावन्न ते साठ अंशांपर्यंत चढते, त्यामुळे रोगजंतू आणि तणाचे बी मरते. घरगुती डब्यात इतकी उष्णता येत नाही, तरी काम होते. दीड-दोन महिन्यांनी हाती येणारा काळसर, भुसभुशीत पदार्थ पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास देतो. अंड्यांची टरफले, आंब्याच्या कोयी, नारळाची करवंटी सावकाश कुजतात. त्या चाळून पुन्हा नव्या डब्यात टाकाव्या लागतात, एवढेच. एकीकडे खताच्या डब्यासाठी कोरडी पाने मिळत नाहीत आणि दुसरीकडे हिवाळ्यात सोसायट्यांच्या आवारात पानांच्या ढिगांना काड्या लावल्या जातात, हा विरोधाभास लक्षात घेऊन पुण्यात पाने देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची गाठ घालून देण्याचा उपक्रमही नागरिकांनी चालवला आहे. शहरी पर्यावरणाच्या इतक्या साध्या आणि इतक्या नेमक्या उपायाची दखल पालिकांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी होती.

ज्यांना खतापेक्षा इंधन उपयोगी वाटते, त्यांच्यासाठी डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या पुण्यातील संस्थेने स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले, ज्याला २००६ मध्ये ब्रिटनमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागील तर्क सोपा होता: शेण म्हणजे गुराने एकदा पचवून उरलेला भाग, त्यात ऊर्जा थोडी, भात, पोळी, पिकलेली फळे यांतील पिष्ट आणि साखर मात्र न पचलेली, म्हणून त्यांच्यापासून तेवढ्याच वजनात कितीतरी अधिक वायू मिळतो. डेपोत जो मिथेन हवामान बिघडवतो आणि आगी लावतो, तोच येथे टाकीत धरला जाऊन शेगडीखाली जळतो.

मिसळलेला कचरा जाळून वीज करावी, हा उपाय अधूनमधून मोठ्या आशेने पुढे येतो. दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ मध्ये डॅनिश तंत्रज्ञानाने असा प्रकल्प उभारण्यात आला होता, परंतु थोड्याच अवधीत तो बंद पडला, कारण येथील कचऱ्याचे उष्मांकमूल्य, म्हणजे एक किलो जाळल्यावर मिळणारी उष्णता, यंत्राला हवी होती त्याच्या निम्म्याच्या आसपास निघाली. ओला कचरा जाळणे म्हणजे आधी त्यातील पाणी उकळवणे होय.

कायद्याच्या बाजूने पाहिले, तर १९९४ मध्ये सुरतेत आलेल्या प्लेगने देशाला खडबडून जागे केले. त्यानंतर १९९६ मध्ये बंगळुरूच्या अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, न्यायालयाने समिती नेमली आणि तिच्या अहवालातून २००० सालचे नागरी घनकचरा नियम आले. २०१६ च्या सुधारित नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन प्रकारांत कचरा वेगळा करून देणे ही प्रत्येक घराची जबाबदारी ठरवली. म्हणजे जे करणे आजही अनेकांना स्वेच्छेची समाजसेवा वाटते, ते कित्येक वर्षांपासून कायदेशीर कर्तव्य आहे.

कायद्याच्या आधीपासून, आणि कोणत्याही यंत्रसामग्रीविना, शहरांतला सुका कचरा वेगळा काढण्याचे काम कचरावेचक करत आले आहेत, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, जिच्या सभासद महानगरपालिकेशी झालेल्या करारानुसार २००८ पासून दारोदार कचरा गोळा करतात. त्यांच्या मिळकतीचा एक भाग महिन्याच्या शुल्कातून येतो आणि दुसरा भंगार विकून. येथे घरातील सवय थेट रुपयांत मोजता येते: कोरड्या पुठ्ठ्याला भाव असतो, आमटी सांडलेल्या पुठ्ठ्याला नसतो; स्वच्छ दुधाच्या पिशवीला भाव असतो, आत दूध नासलेल्या पिशवीला कमी मिळतो किंवा मिळतच नाही. मिसळलेल्या डब्यातून तो पुठ्ठा हाताने उचकावा लागतो, आणि त्याच हाताला दाढीचे पाते, फुटलेला पेला, इंजेक्शनची सुई लागते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि बाळांचे डायपर उघड्या अवस्थेत हाताळावे लागणे हा तर माणसाच्या प्रतिष्ठेचाच प्रश्न. म्हणून या कष्टकरी स्त्रियांच्या संस्थेने ते कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून देण्याचे आवाहन नागरिकांना केले. वर्तमानपत्राचा एक तुकडा आणि स्केचपेनची एक खूण एवढाच त्याला खर्च येतो. त्यामुळे तो न करण्याला कोणतेही समर्थन उरत नाही.

दुधाच्या पिशवीचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पिशवीचा कोपरा कापला, की बोटाच्या पेराएवढा त्रिकोणी तुकडा वेगळा पडतो आणि दूध ओतले जाते. पिशवी भंगारात जाते, तिच्यापासून पुन्हा प्लास्टिकचे दाणे होतात. तो तुकडा मात्र कोणाच्याही हाती लागत नाही, कारण तो वेचण्याइतका मोठा नसतो. तो ओल्या कचऱ्याबरोबर खतात जातो किंवा मोरीतून गटारात, गटारातून नदीत. महाराष्ट्रात रोज किती पिशव्या उघडल्या जातात, याचा अंदाज केला, तर या तुकड्यांची रास केवढी होत असेल, हे वेगळे सांगायला नको. कोपरा पूर्ण न कापता अर्धवट चिरला, तर तुकडा पिशवीलाच चिकटून राहतो. कात्री तीच, हात तोच, श्रमही तेवढेच.

कचरा घरी वेगळा केला तरी गाडीवाला तो एकत्रच टाकतो, मग उपयोग काय, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि अनेक ठिकाणी ती खरीही आहे. पालिकेने न पाळलेल्या कर्तव्याचा दोष नागरिकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मात्र जेथे ही साखळी अखंड राहिली, तेथील चित्र वेगळे दिसते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला या बारा-तेरा हजार वस्तीच्या गावात तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगर परिषदेने न निवडलेला कचरा उचलणेच थांबवले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व खत आणि प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात अशी व्यवस्था लावली, आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी लोक फिरायला येतील असे स्थळ उभे राहिले. हॉवर्ड यांच्या इंदूरनेही हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर चोखाळला. तेथील गाड्यांना वेगवेगळे कप्पे आहेत, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला, रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प त्या कप्प्यांच्या भरवशावर उभा आहे. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक आणि काच मिसळून आली, तर त्याच्या टाक्या बंद पडतील. म्हणजे कोट्यवधी रुपयांच्या या यंत्रणेचा पहिला भाग घराघरांतल्या डब्यांतच बसवलेला आहे.

वर्गीकरणाची मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हवी. वेफर्स, बिस्किटे, मसाले यांची चकचकीत पाकिटे एकावर एक चिकटवलेल्या वेगवेगळ्या प्लास्टिकच्या आणि ॲल्युमिनियमच्या अतिपातळ थरांची असतात. हे थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला ती घेत नाही आणि कचरावेचकही उचलत नाही. ती धुवून, वाळवून, कितीही निगुतीने सुक्या डब्यात टाकली, तरी त्यांतील बहुतेक अखेर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात किंवा डेपोत पडून राहतात. अशा वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी कडक व्हावी यासाठी नागरिकांनी आग्रह धरलाच पाहिजे. घरापुरते पाहिल्यास या पाकिटांचा निर्णय ओट्याखालच्या डब्याशी होत नाही, तो वाण्याच्या दुकानात होतो. पाच रुपयांची दहा पाकिटे घ्यायची की एक मोठे, धने-जिरे सुटे तोलून घ्यायचे की छापील पुडीत, आणि त्यासाठी घरून डबा किंवा कापडी पिशवी नेलेली आहे की नाही, यावर तो ठरतो.